खंजेरीचा आवाज : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं, की नांदगाव पेठ मागे पडतं आणि थोड्याच वेळात मोझरी येते. एस.टी.तली वयस्क मंडळी खिडकीतून बाहेर पाहून हात जोडतात. सोबतच्या नातवंडांना वाटतं, इथे एखादं मोठं देऊळ असावं. पण इथे आहे तो गुरुकुंज आश्रम, आणि आहे एका गाणाऱ्या माणसाची समाधी.

तुकडोजी महाराजांचं नाव आपल्या वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. चौकात पुतळा आहे, शाळेच्या भिंतीवर फोटो आहे, नागपूर विद्यापीठाला २००५ पासून त्यांचं नाव आहे. राष्ट्रसंत ही पदवी तर त्यांच्या नावाचाच भाग झाली आहे. या सगळ्यात एक गोष्ट मात्र मागे पडत चालली आहे, ती म्हणजे महाराज आधी गायक होते. त्यांच्याजवळ जे काही होतं, ते एक गळा आणि एक खंजेरी. घरची श्रीमंती नव्हती, शिक्षण नव्हतं, सत्ता नव्हती. एवढ्या भांडवलावर या माणसाने काय काय उभं केलं, ते आपल्या मुलांना माहीत व्हावं म्हणून रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

यावलीचा माणिक

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. पाळण्यातलं नाव माणिक. वडील बंडोजी इंगळे कपडे शिवायचे, आई मंजुळाबाई. घरात गरिबी अशी, की शिलाईच्या कामावर दोन वेळचं भागणं कठीण. त्यात कर्ज. वऱ्हाडात कापूस चांगला पिकत होता, अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठा गजबजत होत्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले होते. पण त्या पांढऱ्या सोन्याचा पैसा यावलीच्या शिंप्याच्या घरापर्यंत पोचत नव्हता.

माणिकचं बालपण बरंचसं आईच्या माहेरी, वरखेडला गेलं. शाळा तीन-चार इयत्तांच्या पुढे सरकली नाही. पोराचं लक्ष पाटीत कमी आणि देवळातल्या भजनात जास्त. वरखेडला आडकोजी महाराज नावाचे अवलिया सत्पुरुष होते. पोरगं त्यांच्यापाशी जाऊन बसायचं, गायचं. आडकोजी महाराज आपल्या जेवणातला घास, भाकरीचा तुकडा त्याला द्यायचे आणि त्याला तुकड्या म्हणायचे. पुढे माणिकने स्वतः पदं जुळवायला सुरुवात केली, तेव्हा शेवटी नाव कोणाचं घालायचं हा प्रश्न आला. आपल्याकडे भजनाच्या शेवटी तुकोबांचं नाव आलं की भजन पूर्ण झाल्यासारखं वाटतं. पण गुरूंनी त्याला स्वतःचंच नाव घालायला लावलं, असं सांगतात. त्या दिवसापासून माणिक बंडोजी इंगळे मागे राहिला आणि तुकड्यादास पुढे आला.

भाकरीच्या तुकड्यावरून पडलेलं नाव या माणसाने जन्मभर मिरवलं. पुढे राष्ट्रपतींच्या घरी मान मिळाला, परदेशात बोलावणी आली, तरी पदाच्या शेवटी नाव तेच राहिलं.

माणिक बारा-तेरा वर्षांचा असताना आडकोजी महाराज गेले. पोरक्या झालेल्या पोराने रानाची वाट धरली. रामटेक, सालबर्डी, रामदिघी अशी ती ठिकाणं. मोर्शीच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला सालबर्डी आहे. आज तिथे आपण सहलीला जातो, तेव्हा ते घनदाट जंगल होतं. तिथे ध्यान, योग आणि गाणं. ऐकायला माणूस नाही, फक्त झाडं आणि नाले. गळा असा तयार झाला.

खंजेरी काय करते

नव्या पिढीतल्या मुलांसाठी खंजेरीबद्दल थोडं सांगायला हवं. लाकडाची एक छोटी गोल कडी, तिच्या एका बाजूला ताणून बसवलेलं चामडं, आणि कडीला पाडलेल्या खाचांत पितळेच्या चकत्या. एका हातात धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. ठेकाही तीच देते आणि झांजेचा नादही तीच. पेटी लागत नाही, मृदंग लागत नाही, साथीला दहा टाळकरी लागत नाहीत. पिशवीत टाकली आणि निघालं. गरीब माणसाला परवडणारं, पायी हिंडणाऱ्याला सोबत नेता येणारं हे वाद्य. विदर्भात खंजेरी भजनाच्या स्पर्धा गावोगावी होतात, त्यामागे महाराजांचा हात आहे.

त्यांची गाण्याची रीतही तशीच साधी होती. ओळी लहान, चाल सोपी, धृवपद असं की दुसऱ्यांदा आलं की समोरचा माणूस आपोआप म्हणू लागावा. शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेल्याला त्यात ताना-पलटे सापडणार नाहीत. पण दिवसभर निंदण करून आलेली बाई, वखर सोडून आलेला शेतकरी, दोघांनाही ते म्हणता यायचं, आणि महाराजांना तेच हवं होतं.

ते मराठीत गायचे तसंच हिंदीतही गायचे. याचं कारण आपल्या इतिहासात आहे. तेव्हा वऱ्हाड हा मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताचा भाग होता, राजधानी नागपूर. मराठी जिल्हे आणि हिंदी जिल्हे एकाच प्रांतात. अमरावती-अकोल्याची भाषा एक, रायपूर-जबलपूरची दुसरी. १९५६ पर्यंत हीच स्थिती होती. महाराजांनी या अडचणीचा उपयोग करून घेतला. त्यांची हजारो पदं दोन्ही भाषांत आहेत, आणि दोन्हीकडच्या लोकांना ती आपलीच वाटली.

जंगलातून गावात

रानातून परत आलेल्या तरुण बाबांभोवती गर्दी जमू लागली. आपल्या लोकांची सवय आहे, साधू दिसला की आधी चमत्कार शोधायचा. कोणाला मूल हवं, कोणाला कोर्टात जिंकायचं, कोणाचं दुखणं बरं व्हायचं. १९३५ च्या सुमारास सालबर्डीला मोठा यज्ञ झाला, त्याला लाखोंच्या संख्येने लोक लोटले. महाराज तेव्हा पंचविशीत होते. या वयात एवढी गर्दी पायाशी आली, तर माणूस गादी घालून बसतो. चमत्कारी बाबा म्हणून ते सहज आयुष्य काढू शकले असते, आणि लोकांचीही त्याला काहीच हरकत नव्हती.

त्यांनी तसं केलं नाही. त्याच काळात मोझरीला त्यांनी गुरुकुंज आश्रम उभा करायला घेतला. माळरान होतं, तिथे लोकांच्या श्रमातून झोपड्या उभ्या राहिल्या. हळूहळू गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं निघाली. मंडळाचं काम काय? पहाटे उठायचं, ध्यान करायचं, रामधून म्हणत गावातून फेरी काढायची, जाता जाता रस्ते झाडायचे, संध्याकाळी एकत्र बसून प्रार्थना करायची. चमत्कार मागायला आलेल्या माणसाच्या हातात महाराजांनी झाडू दिला.

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले होते. त्यांनी महाराजांना बोलावून घेतलं. महाराज तिथे सुमारे महिनाभर राहिले. रोज भजनं व्हायची. तिथे एक गोष्ट पक्की झाली, की भजन म्हणणं आणि गावाचं काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

इथे आपल्या जिल्ह्याच्या दुसऱ्या थोर माणसाची आठवण येणारच. गाडगेबाबा शेंडगावचे, त्यांचं आजोळ अकोल्याकडचं मूर्तिजापूरजवळचं दापुरी. वयाने महाराजांपेक्षा ते तेहेतीस वर्षांनी मोठे. एकाच्या हातात खराटा, दुसऱ्याच्या हातात खंजेरी. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. तुकडोजी महाराज लोकांना आपल्याबरोबर गायला लावायचे. रीत वेगळी, पण दोघांनाही समोरचा माणूस नुसता हात जोडून बसलेला चालत नव्हता. अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या या पट्ट्याने एकाच काळात असे दोघे दिले, याचा आपल्याला अभिमान वाटायलाच हवा.

बेचाळीसचं साल

ऑगस्ट १९४२ मध्ये चले जावची हाक आली, तेव्हा विदर्भातल्या खेड्यांनी जे केलं त्याने सरकार हादरलं. चिमूर, आष्टी, बेनोडा आणि महाराजांचं स्वतःचं यावली, या गावांत गोळीबार झाला, माणसं पडली. यावलीला आज यावली शहीद म्हणतात ते म्हणूनच. चिमूरला १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, मिरवणुकीवर गोळ्या चालल्या. सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर त्यात गेला. चिडलेल्या लोकांच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. मग फौज आली आणि गावावर, विशेषतः बायाबापड्यांवर, जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी पुढे प्राध्यापक भन्साळींना त्रेसष्ट दिवस उपोषण करावं लागलं.

या गावांत महाराजांची भजनं वर्षानुवर्षं घुमत होती. त्यांच्या पदांत देव होता, तसा देशही होता. सरकारने हिशेब मांडला: या लोकांना एवढं धाडस आलं कुठून? २८ ऑगस्ट १९४२ ला चंद्रपूरला महाराजांना अटक झाली. आधी नागपूर, मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. डिसेंबरात सुटका झाली.

इथे थोडं थांबून विचार करण्यासारखं आहे. महाराजांच्या हातात बंदूक नव्हती. ते काँग्रेसचे पुढारी नव्हते, त्यांनी कुठलं पोलीस ठाणं जाळलं नव्हतं. त्यांनी फक्त गायलं होतं. पण जी माणसं रोज संध्याकाळी एकत्र बसून एका सुरात गातात, ती एक दिवस एकत्र उभीही राहतात. त्या मानाने सरकारचा अंदाज चुकीचा नव्हता.

जगात इतरत्रही हेच घडलेलं दिसतं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी चर्चमध्ये म्हटलेली भक्तिगीतं त्यांच्या हक्काच्या लढ्यात रस्त्यावर आली. महालिया जॅक्सन ही त्यांची थोर गायिका, जन्म १९११ चा, म्हणजे महाराजांच्याच पिढीची. १९६३ मध्ये वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सभेत लाखो लोकांसमोर ती गायली. पुढे ज्याला तिकडे सोल म्हणजे आत्म्याचं गाणं म्हणू लागले, त्याची मुळं याच भक्तिगीतांत आहेत. आपल्या सोसायटीतली काही मुलं आता तिकडेच आहेत. त्यांनी तिथलं हे गाणं ऐकताना मोझरीची खंजेरी आठवली, तर ती जोडणी चुकीची होणार नाही.

स्वराज्यानंतर

स्वातंत्र्य मिळालं, तेव्हा बरेच गाणारे गप्प झाले, कारण ज्याच्यासाठी गायचं ते मिळालं होतं. महाराजांचं गाणं तेव्हा वाढलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: इंग्रज गेला म्हणून गावातली घाण गेली नाही, दारू गेली नाही, शिवाशीव गेली नाही, लग्नात कर्ज काढून जेवणावळी घालण्याची हौस गेली नाही. आता भजनाचे विषय हे झाले. विनोबांच्या भूदानातही ते होते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरवलं.

१९५५ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात फार मोठं. त्या वर्षी ते जपानला विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेला गेले. तीन-चार इयत्ता शिकलेला यावलीचा माणिक जगभरच्या धर्मपंडितांपुढे उभा राहिला आणि तिथेही खंजेरी वाजली. त्याच वर्षी ग्रामगीता आली. ४१ अध्याय, ४६७५ ओव्या. गावाने कसं राहावं, याचं सगळं त्यात आहे: स्वच्छता, गावाचं रक्षण, मुलांचं शिक्षण, बायकांची उन्नती, साधं लग्न, अंत्यसंस्कार, गाईगुरं, श्रम, आणि खोट्या बाबांपासून सावध राहणंसुद्धा. ओवीत लिहिलं, कारण ते वाचता येतं तसंच गाता येतं, आणि जे वाचू शकत नाहीत ते ऐकून पाठ करू शकतात. वऱ्हाडातल्या कित्येक घरांत ज्ञानेश्वरीच्या शेजारी ग्रामगीता ठेवलेली असते.

१९५६ मध्ये भारत साधू समाज निघाला, त्याचे ते अध्यक्ष झाले. त्याच वर्षी डिसेंबरात वलगावजवळ गाडगेबाबा गेले, आणि जोडीतला एक आवाज थांबला. महाराज मात्र फिरतच राहिले. चीन आणि पाकिस्तानशी युद्धं झाली, तेव्हा सीमेवर जाऊन जवानांसमोर गायले. १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा तिकडच्या मदतीसाठी झटले. महाराजांना आपलं म्हणणारे लोक राजकारणाच्या सगळ्या बाजूंना सापडतात. गांधी-विनोबांचे अनुयायी म्हणतात ते आमचे, हिंदू संघटनांतले म्हणतात ते आमचे. महाराज सगळ्यांकडे गेले आणि सगळीकडे एकच खंजेरी घेऊन गेले.

एकत्र बसणं

महाराजांची खरी कमाई कोणती, असं विचारलं तर मी सामुदायिक प्रार्थनेचं नाव घेईन. गायक म्हणून त्यांना लाखोंनी ऐकलं. पण श्रोते वाढवण्यापेक्षा गाणारे वाढवावेत, हे त्यांनी ठरवलं होतं. म्हणून प्रार्थनेची वेळ ठरलेली, बसण्याची शिस्त ठरलेली, रांगा सरळ. कुठल्याही एका देवाची मूर्ती समोर नाही, म्हणजे कोणत्याही धर्माच्या, जातीच्या माणसाला बसता यावं. पाटील आणि महार, जमीनदार आणि सालदार एका सतरंजीवर. आज हे वाचायला सोपं वाटतं. १९४० च्या खेड्यात एका ओळीत बसण्यावरून डोकी फुटायची. भाषणाने जे जमलं नसतं, ते गाण्याने जमलं, कारण गाताना माणूस शेजारी कोण बसलाय हे थोडा वेळ विसरतो.

आणखी एक गोष्ट. भक्तांना त्यांचा वाढदिवस साजरा करायचा होता. महाराजांचा आग्रह की माझी नको, गावाची जयंती करा. म्हणून ३० एप्रिल हा दिवस ग्रामजयंती म्हणून पाळला जातो. त्या दिवशी गाव झाडायचं, सजवायचं, गावाची मिरवणूक काढायची. गाणाऱ्याने आपलं नाव बाजूला ठेवून गाण्याला पुढे करावं, तसंच हे.

शेवटी कर्करोगाने गाठलं. ११ ऑक्टोबर १९६८ ला गुरुकुंजात दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी महाराज गेले. वय एकोणसाठ. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला, पुण्यतिथी महोत्सवात, मोझरीला लाखो लोक जमतात. विदर्भातून, मध्य प्रदेशातून, तेलंगणातून बसगाड्या, ट्रॅक्टर, पायी दिंड्या येतात. बरोबर चार अठ्ठावन्नला सगळे जागच्या जागी थांबतात. चहाची टपरी थांबते, रस्त्यावरची वाहनं थांबतात, हातातलं काम थांबतं. एवढ्या गर्दीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होते. मग प्रार्थना सुरू होते, आणि ती सगळे मिळून म्हणतात.

आपल्यासाठी काय

आपल्या सोसायटीतली बरीच कुटुंबं अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतून आलेली. कोणाचे आजोबा सेवा मंडळाचे प्रचारक होते, कोणाच्या आजीला ग्रामगीतेचे अध्याय तोंडपाठ होते. नोकरीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी आपण शहरात आलो, प्लॉट घेतले, घरं बांधली, पंचवीस वर्षं झाली. गावाकडे मंडळाच्या प्रार्थनेला आता दहा-बारा म्हातारी माणसं उरली, कारण तरुण आपल्यासारखे शहरात आले. आणि शहरात आल्यावर आपण काय केलं? वार्षिक सर्वसाधारण सभेला कोरम होत नाही म्हणून अर्धा तास सभा तहकूब करायची आणि मग आहे त्या सभासदांवर उरकायची, हा आपला पंचवीस वर्षांचा शिरस्ता. पाण्याच्या टाकीवरून भांडायला मात्र सगळे हजर!

सहकारी हा शब्द आपल्या पाटीवर आहे. महाराजांनी तो न वापरता गावोगाव सहकार उभा केला, आणि त्याची सुरुवात रोज एकत्र बसण्यापासून केली. त्यांना ठाऊक होतं, की माणसं आधी सोबत बसली पाहिजेत, मग सोबत काम करतात. उलटं होत नाही.

म्हणून एक साधी सूचना. पुढच्या ३० एप्रिलला आपल्या सोसायटीतही ग्रामजयंती करू. सकाळी तासभर सगळ्यांनी मिळून आवार झाडायचं. संध्याकाळी गच्चीवर सतरंज्या टाकायच्या, ज्याला जे भजन येतं ते म्हणायचं, मुलांना महाराजांच्या आवाजातलं एखादं भजन ऐकवायचं. त्यांच्या आवाजातली भजनं आजही ऐकायला मिळतात. मोबाईलवर सापडतील, मुलं दोन मिनिटांत काढून देतील. खंजेरी कोणाच्या तरी गावाकडच्या घरी खुंटीला नक्की टांगलेली असेल, ती घेऊन यावी. गळा चांगला नसला तरी चालेल. महाराजांच्या प्रार्थनेत गळ्याची परीक्षा कधीच नव्हती, फक्त वेळेवर येऊन ओळीत बसायचं असे.